सिनेटोनचं फाटक

मिरजेची गाडी उशिरा पोचली की कोल्हापूर स्टेशनावरचे टांगेवाले रेल्वेवर नाही, उतारूंवर चिडतात. तुमच्या वाट्याला आलेला तर आधी घोड्याला दोन शिव्या हासडतो आणि मग विचारतो, "कुठं जायाचं?"

"मंगळवार पेठ. सिनेटोन."

तो मान वळवून तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. "काम मागायला आलासा, का नुसतं बघायला?"

"नुसतं बघायला."

"मग बसा. काम मागणारं रोज दोन-चार येत्यात आन् सांजच्या गाडीनं माघारी जात्यात. त्येंच्याकडं परतीचं भाडं बी नसतंय."

साल १९४४. तुम्ही अजून कुणाला विचारलेलं नाही, पण युद्ध चालू असल्याचं जागोजागी दिसतंय. रेशनच्या दुकानापुढं रांग, रॉकेलसाठी भांडण, भिंतीवर सैन्यभरतीचं चित्र. संस्थानात राजाराम महाराज जाऊन चार वर्षं होत आलीत, गादीवर दत्तक आलेलं लहानगं पोर आहे आणि कारभार दुसरेच बघतात. इंग्रज गव्हर्नर विल्सनचा पुतळा लोकांनी फोडून टाकलाय. टांगेवाला त्या चौकाकडं चाबकाची मूठ करतो आणि हसतो. काही बोलत नाही. माणूस ओळखीचा नसेल तर १९४४ साली असं काही बोलायचं नसतं.

मिरजकर तिकटीला टांगा वळतो. खासबागेच्या बाजूनं पहिलवानांची पोरं लंगोट खांद्यावर टाकून घरी निघालीत, अंगावर अजून तांबडी माती. शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर एकमेकांना लागूनच बांधलं, आणि या गावाचा स्वभाव तेवढ्यावरून कळावा. इथं आवाज आणि दंड दोन्ही कमावलेले लागतात. पॅलेस थिएटरात गाजलेला माणूस बाहेर पडला की त्याला तालमीतली पोरं रामराम घालतात, आणि गाण्यातली चूक पानपट्टीवाला सांगतो.

तुम्हाला पुढची ऐंशी वर्षं ठाऊक आहेत. ती तोंडातून निसटू देऊ नका. फाटकाशी उतरा, पैसे द्या, आणि उभे राहा.

कोल्हापुरात या घडीला स्टुडिओ दोनच: एक हा, दुसरा रंकाळ्याकडचा शालिनी. पण सिनेमा इथं सत्तावीस वर्षांचा जुना आहे. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा विलायतेहून न आणता इथंच लेथवर घडवला आणि कंपनी काढायला पैसा दिला तो कुणा सावकारानं नाही, तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईनं. महाराष्ट्राच्या सिनेमाची पहिली मोठी कंपनी एका गायिकेच्या कमाईवर उभी राहिली, ही गोष्ट आपल्याकडं फार सावकाश सांगितली जाते. १९२० सालच्या 'सैरंध्री'त कोल्हापूरच्याच दोन बायका पडद्यावर आल्या. त्या वेळी चित्र मुकं होतं, गळ्याची गरज नव्हती, तरीही बायका मिळायच्या नाहीत. पुढं पेंटरांचेच शिष्य बाहेर पडले, त्यांनी १९२९ साली 'प्रभात' काढली, आणि १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त दुर्गाबाई खोटे पडद्यावर बोलल्या आणि गायल्या. स्वतःच्या तोंडानं, कॅमेऱ्यासमोर, सोबतीचे वादक चौकटीच्या बाहेर बसवून. तेव्हा नटीला गाता यायलाच हवं होतं. गळा नसेल तर चेहऱ्याला कोण विचारतो?

प्रभात १९३३ साली पुण्याला गेली. गाव रिकामं पडू नये म्हणून राजाराम महाराजांच्या आश्रयानं त्याच वर्षी कोल्हापूर सिनेटोन उभं राहिलं, आणि पुढं तिथं भालजी पेंढारकरांनी 'आकाशवाणी' हा चित्रपट काढला. तेच हे फाटक. लवकरच ही जागा भालजींची होईल, नाव 'जयप्रभा' पडेल. पण पेठेतली माणसं नाव बदललं म्हणून जीभ बदलत नाहीत.

फाटकावरचा म्हातारा तुम्हाला पारखून घेतो. त्याला तंबाखू द्या. चुन्याची डबी त्याच्याकडं आहे, तंबाखू नाही. युद्धात ती महाग झालीय. एवढ्यावर तुम्ही आतल्या बाकावर बसायचे धनी होता.

सकाळच्या उन्हात मंडळी येऊ लागतात. सेटवरचे सुतार, धोतराचा सोगा हातात धरलेले चरित्रनट, एक लेखक, ज्याला आपण आलोय याची कुणी दखल घ्यावी असं वाटतंय आणि कुणी घेत नाही. आणि एक मुलगी. चौदा वर्षांची, पंधरावं पूर्ण व्हायला आलेलं. दोन वेण्या, बारीक अंग, चालण्यात घाई. मागं दहा-अकरा वर्षांची धाकटी, तिची बडबड चालू आहे आणि थोरली एकाही वाक्याला उत्तर देत नाही.

म्हातारा हळू आवाजात सांगतो, "दीनानाथांच्या पोरी."

त्याला आणखी काही सांगायची गरज वाटत नाही. सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात मास्टर दीनानाथ हे नाव सांगितलं की पुढचं ज्याचं त्याला आठवतं: ती फिरत, ती चपळाई, बळवंत संगीत मंडळीची ती भरलेली थिएटरं. आणि मग ओस पडलेली. बोलपट आला, नाटकं बसली, त्यांनी स्वतः सिनेमा काढून पाहिला, त्यात हात पोळले. २४ एप्रिल १९४२ला पुण्यात ते गेले. मागं पत्नी माई आणि पाच मुलं. त्यातली ही थोरली, तेव्हा तेराही पूर्ण नव्हती.

कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले ते मास्टर विनायक. कोल्हापूरचेच, आडनाव कर्नाटकी, बाबूराव आणि भालजी पेंढारकरांचे भाऊ. हंस पिक्चर्समधला 'ब्रह्मचारी'वाला विनायक म्हटलं की अजून लोक मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख आधी आठवतात, पण माणूस त्याहून पुष्कळ मोठा. १९४३ साली त्यांनी प्रफुल्ल पिक्चर्स काढली तेव्हा या मुलीला महिन्याच्या पगारावर घेतलं. म्हणजे ती नोकरीला आहे. ही तिची कला आहे, तिची आवड आहे असलं आत्ता काही मनात आणू नका. पहिली तारीख आली की पगार घरी जायचा, तेव्हा घरातली चूल पेटायची.

तिला हे काम आवडत नाही.

तुम्ही तिच्याबद्दल हजार लेख वाचले असतील, तरी ही गोष्ट तिथं उभं राहिल्याशिवाय अंगाला लागत नाही. 'पहिली मंगळागौर'च्या वेळी, १९४२ साली, कुणीतरी ठरवलं की हिच्या भुवया फार जाड आहेत आणि कपाळावर केस फार खाली आलेत. भुवया कोरल्या, केस कापले. मुलगी घरी जाऊन रडली. वडील जाऊन काही महिनेच झालेले. त्यानंतर 'माझं बाळ', 'चिमुकला संसार', आता 'गजाभाऊ'. कधी नायिकेची बहीण, कधी आणखी कुणी, चार ओळींची कामं. हसा म्हटलं की हसायचं, रडा म्हटलं की रडायचं. पुढं आयुष्यभर ती सांगत राहिली की तोंडाला रंग फासणं, दिव्यांपुढं उभं राहणं आणि हुकमावर हसणं-रडणं तिला कधीच जमलं नाही.

आत चला, म्हणजे का जमलं नाही ते कळेल. दरवाजे बंद, कारण आवाज थेट फिल्मवर उमटतो आणि रस्त्यावरचा टांगाही त्यात येतो. पंखे त्याच कारणानं बंद. डोक्यावर आर्क दिवे, कार्बनच्या कांड्या फुरफुर करत जळतायत, त्यांचा वास घशात बसतो. पाच मिनिटांत तुमचा सदरा पाठीला चिकटतो. मुलगी कोपऱ्यात उभी आहे, चेहऱ्यावर रंगाचा थर, त्यावर घामाचे थेंब, आणि ते टिपणारा रंगवाला दर वेळी तिची हनुवटी धरून वर करतो. ती मान कडक करते. रिळं जपून वापरायची आहेत. युद्धामुळं कच्ची फिल्म परवान्यावर मिळते, चित्रपट अकरा हजार फुटांच्या वर न्यायचा नाही असा सरकारी हुकूम. म्हणजे चूक करायची नाही. पोरीच्या वाट्याला एक वाक्य आहे. ते ती बरोबर म्हणते आणि दिवा विझल्याबरोबर बाजूला होते, जणू कुणी हात सोडला.

अभिनयाचा तिला तिटकारा होता असं मात्र म्हणता येणार नाही. मनमाडला वडिलांच्या नाटकात नारद करणारा नट आजारी पडला, तेव्हा हीच चिमुरडी नारद होऊन उभी राहिली होती आणि वन्समोअर घेऊन आत आली होती. रंगमंचावर नारदाला गाणं असतं. गात असताना चेहऱ्याचं काय करायचं हे कुणी सांगायला लागत नाही. इथं चेहरा आधी, आणि गाणं असलंच तर नंतर.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर या. झाडाखाली आणखी एक मुलगी बसलीय, हिच्याहून वर्षभरानं मोठी. खडकलाटची. तिची बोली ऐकून कंपनीतली शहरी माणसं तोंड लपवून हसतात. तिला अजून 'सुलोचना' हे नाव मिळालेलं नाही. ते भालजी देणार आहेत आणि भाषाही तेच घासून घेणार आहेत. दोघी डबा उघडतात. एकीला बोलता येत नाही म्हणून लोक हसतात, दुसरीला बोलायचंच नाही. पुढं एक सगळ्या महाराष्ट्राची आई होईल, पडद्यावर. दुसरी पडद्यावर दिसायचीच बंद होईल. मैत्री मात्र दोघींची शेवटपर्यंत टिकली, आणि ती या असल्या सुट्ट्यांमध्ये जमली.

तुम्हाला वाटेल आता निघावं. थांबा, कारण लाहोरकडची एक बाई येणार आहे.

'बडी माँ' हा विनायकरावांचा हिंदी चित्रपट. युद्धाच्या प्रयत्नांना हातभार लावणारा, सरकारची मर्जी राखणारा. नायिका नूरजहाँ. तिचं वय कोवळं, पण नाव असं की ती कोल्हापुरात उतरली ही बातमी तिच्या सामानाच्या आधी पेठेत पोचते. तालमीतली पोरं दोन दिवस जोर मारायला उशिरा येतात. वस्ताद कारण विचारत नाही, तोही फाटकावर येऊन गेलेला असतो.

ती बाई म्हणजे गाणाऱ्या नटीचा कळस. चेहरा तिचा, गळा तिचा, नाव तिचं, तिन्ही एका जागी. दुर्गाबाई गायल्या, शांता आपटे गायल्या, मीनाक्षीबाई रेडिओवरून सिनेमात आल्या. पण त्या सगळ्या रस्त्याचं जे टोक असेल ते आत्ता सेटवर खुर्ची टाकून बसलंय. विनायकराव त्या बारीक मुलीला हाक मारतात, ओळख करून देतात, ही गाते म्हणून सांगतात. काहीतरी गा, अशी फर्माईश होते. मुलगी जयजयवंती गाते. मग सिनेमातलं काही म्हण, अशी दुसरी फर्माईश. ती 'वापस'मधलं एक गाणं म्हणते.

आर्क दिवे बंद आहेत. सुतार हातोडा खाली ठेवतो, पण कुणी त्याला तसं सांगितलेलं नाही.

नूरजहाँ कौतुक करते, भरपूर रियाज कर म्हणते. कुठल्याही मोठ्या गायिकेनं कुठल्याही पोरीला सांगावं तेवढंच. तुम्ही एकटेच तिथं असे आहात ज्यांना माहीत आहे की समोर काय चाललंय. खुर्चीत बसलेली बाई तीन वर्षांनी सरहद्दीपलीकडं राहील. आणि उभी असलेली मुलगी गाणाऱ्या नटीचा धंदाच बुडवेल. वाईट अर्थानं नाही. तिचा गळा हाताशी आल्यावर नायिकेला गाता यायची गरज उरली नाही. मधुबालेसारख्या नायिकांना तानपुऱ्याशी बसावं लागलं नाही. ही सोय झाली की तोटा, यावर भांडता येईल. दुर्गाबाईंच्या गाण्यात सूर कमी आणि श्वास जास्त होता, पण तो श्वास त्याच चेहऱ्याचा होता, हे मला तरी विसरता येत नाही. ते काही असो. एक पर्व संपताना दोन्ही टोकं एका सेटवर आली, आणि ते गाव मुंबई नव्हतं.

'बडी माँ'त मुलीला छोटं काम आहे, धाकट्या आशालाही आहे. आशाचं पहिलं सिनेगीतही प्रफुल्लच्याच 'माझं बाळ'मधलं, दत्ता डावजेकरांचं. थोरलीचं पहिलं हिंदी गाणं 'गजाभाऊ'तलं, मराठी चित्रपटात हिंदी. दोघींच्या गाण्याची सुरुवात शोधत निघालात तर वाट याच कंपनीच्या दारावरून जाते. त्यात गंमत अशी की कंपनीला त्या दोघी हव्या होत्या कामाला. गाणं होतं जोडधंदा.

१९४५ साली प्रफुल्ल मुंबईला जाते. सामान बांधलं जातं, मंडळी पांगतात. म्हातारा तुम्हाला विचारतो, "तुम्ही न्हाई चाललासा?" नाही. तुम्ही फाटकाला पाठ लावून इथंच राहा.

मुंबईत काय झालं ते थोडक्यात पुरे, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. उस्ताद अमान अली खाँ भेंडीबाजारवाल्यांची तालीम, लोकलचे प्रवास, आणखी दोन-तीन भूमिका, १९ ऑगस्ट १९४७ला विनायकरावांचा मृत्यू. 'मंदिर' तेवढा मागं राहिला होता, तो १९४८ला पडद्यावर आला. त्यानंतर रंग पुसला तो पुसलाच. आठ चित्रपट, बस्स. आवाज फार पातळ आहे म्हणून एका निर्मात्यानं नाकारलं, गुलाम हैदरांनी हट्टानं 'मजबूर'मध्ये गाववलं, १९४९ला 'महल' आला. 'महल'च्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. कोल्हापुरात तिचा चेहरा होता आणि कुणाला तो फारसा नको होता. मुंबईत आवाज सगळ्यांना हवा झाला आणि त्यावर नाव भलत्याचं.

इकडं मंगळवार पेठेत तुम्ही ३० जानेवारी १९४८ची रात्र बघता. दिल्लीत गांधीजींचा खून झाल्याची बातमी रेडिओवरून येते. दुसऱ्या दिवसापासून दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं पेटतात. खेड्यांत, पेठांत, ज्याच्यावर राग धरायचा तो दिल्लीत आणि घर जळतं इथल्या माणसाचं. भालजी हिंदुत्वाच्या विचारांचे, हे सगळ्यांना ठाऊक. त्यांनी आयुष्यभर शिवाजी महाराज, मावळे आणि मराठी शेतकरी पडद्यावर आणले, त्यांच्याच चित्रपटात पृथ्वीराज कपूर वाल्मीकी झाले होते आणि पोरगेला राज कपूर नारद. जमाव स्टुडिओवर आला तेव्हा हे कुणी आठवलं नाही.

नायट्रेटची फिल्म म्हणजे सुकी दारूच. पेटली की विझत नाही, तिचा स्वतःचा प्राणवायू तिच्यातच असतो. पाणी मारलं तरी आत धुमसत राहते. 'मीठभाकर' तयार होत आलेला होता, त्याची रिळं त्यात गेली. तुम्ही तुमच्या बाकाकडं बघायला जाऊ नका. म्हाताऱ्याला बाजूला घ्या, तो वेड्यासारखा बादली शोधतोय.

भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि 'मीठभाकर' दुसऱ्यांदा काढला. पण तो कर्जावर. ते कर्ज दहा वर्षं त्यांच्या मानेवर बसलं. चित्रपट चालले, पैसा आला, व्याजात गेला. शेवटी जागा लिलावाला निघाली.

१९५९. आता फाटकातून आत येणारी मोटार आहे. आत बसलेली बाई पांढऱ्या साडीत, दोन वेण्या तशाच. लिलावात स्टुडिओ तिनं घेतला. कामगारांना वाटलं नवी मालकीण कुलूप लावणार. तिनं भालजींना राहू दिलं, चित्रपट काढू दिले. ती त्यांना बाबा म्हणायची. ज्या फाटकातून पगारदार म्हणून जायची, त्याचे कागद तिच्या नावावर झाले. पण पेठेत याचा डांगोरा कुणी पिटला नाही. कोल्हापुरात उपकार मोठ्यानं बोलले तर करणाऱ्याला कमीपणा आणि घेणाऱ्याला जास्त.

आणि आता चार वर्षं पुढं, १९६३. भालजी 'मोहित्यांची मंजुळा' काढतायत आणि त्यांना संगीतकार मिळत नाहीये. तुम्ही ऑफिसच्या व्हरांड्यात चहाची बशी घेऊन बसलेले आहात. आतून आवाज येतोय. बाईंनीच सुचवलंय की मी करते. भालजी नको म्हणतात. त्यांची अडचण अशी की चित्रपट पडला तर हिच्या नावाला डाग. सगळ्या देशात गाजलेलं नाव कोल्हापूरच्या एका मराठी चित्रपटापायी खाली कशाला आणायचं? तोड निघते ती टोपणनावाची. भालजींनी म्हणे 'जटाशंकर' सुचवलं होतं. ते मान्य झालं असतं तर आज रेडिओवरच्या निवेदिकांची काय पंचाईत झाली असती याचा विचार करून बघा. ठरलं 'आनंदघन', समर्थ रामदासांच्या काव्यातून उचललेलं.

'मोहित्यांची मंजुळा', मग १९६४ला 'मराठा तितुका मेळवावा', १९६५ला 'साधी माणसं'. चालींचं कोडं लोक सोडवत बसले. या चालीत शास्त्राची फुशारकी नाही, मराठी मातीचा ठेका आहे. कोण हा आनंदघन? कुणी म्हणे पुण्याचा असेल. पेठेतल्या हॉटेलात एक जण ठासून सांगतो की तो त्याच्या मेव्हण्याच्या गावचा शाहीर आहे. तुम्ही गप्प राहा, पण हसू आवरा.

'साधी माणसं'चा सेट मात्र जवळून बघा. सूर्यकांत आणि जयश्री गडकर, लोहाराचं जोडपं. भात्याची कातडी फुगते आणि बसते, कोळसे तांबडे होतात, ऐरणीवर तापलेलं लोखंड, त्यावर घण. गाणं लिहिलं जगदीश खेबूडकरांनी, राधानगरीच्या वाटेवरच्या हळदीचा माणूस, मास्तरकी करणारा. लोहाराची बायको ऐरणीला देव म्हणून आळवते. चाल अशी की घणाचा ठोका आणि तालाचा ठोका वेगळे काढता येत नाहीत. गाणं भट्टीपाशी बेतल्यासारखं वाटतं. सूर्यकांत खरोखरीच्या लोहारासारखा घण उचलतो की नाही, हे बघायला पेठेतला एक लोहार फाटकाशी आलाय. तो बराच वेळ बघतो आणि म्हणतो, "घण बरा मारतोय. पर गाणं ऐकून मारतोय, म्हणून."

राज्य पुरस्कारांत 'साधी माणसं'च्या संगीताला बक्षीस मिळालं. सांगतात की समारंभात आनंदघन हे नाव पुकारलं गेलं आणि कुणी उठेना. नाव दुसऱ्यांदा घेतलं तरी कुणी नाही. मग कुणीतरी सांगून टाकलं की तो आनंदघन इथंच बसलाय, या बाई. आधी जगानं तिच्या आवाजावर दुसऱ्याचं नाव लावलं होतं. या वेळी तिनं स्वतः लावलं, आणि ते मिरवावं असंही तिला वाटलं नाही. या दोन्ही गोष्टींत मला तर कोपऱ्यात मान कडक करून उभी राहिलेली तीच पोर दिसते, जिला कुणी आपल्याकडं बघू नये असं वाटे. फक्त या वेळी कुणी तिची हनुवटी धरू शकत नव्हतं.

आनंदघननं आणखी एकच चित्रपट केला, १९६९चा 'तांबडी माती', ज्यात दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर आले. मग ते नाव बंद झालं. का, याचं कारण शोधण्यात अर्थ नाही. बाबांची गरज संपली असेल.

आता तुमच्या काळात या. भालजी १९९४ला गेले. ६ फेब्रुवारी २०२२ला लताबाई गेल्या. आणि त्याच महिन्यात पेठेत कळलं की स्टुडिओची जागा आधीच विकली गेलीय. स्टुडिओ वारसा वास्तूंच्या यादीत असण्याचा वाद त्याआधीच कोर्टात गेला होता. कलावंत उपोषणाला बसले, फाटकाशी मंडप पडला, रोज भाषणं झाली.

फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर दोन म्हातारे अजून भांडतायत.

"लिलावात बाईंनी घेतला म्हणून राहिला. न्हाई तर साठ सालीच हिथं गोदाम झालं असतं."

"आन् मग इकला कुणी?"

"त्येंची जागा, त्येंनी इकली. तुझ्या बापाची व्हती?"

"बापाची न्हाई, पर माझा बाप हिथं सुतार व्हता. सेट त्यानं बांधलं."

"बांधलं तर पगार घेटला की न्हाई?"

"घेटला."

"मग?"

"मग काय मग? त्या बी पगारावरच व्हत्या की हिथं."

चहावाला दोघांच्या मध्ये हात घालून ग्लास उचलतो आणि तुमच्याकडं बघतो. चार चहाचे पैसे तुम्हीच द्यायचे आहेत, असं त्याचं आणि त्या दोघांचं आधीच ठरलेलं दिसतंय.